पाटोद्यातून केलेली फ्रान्सची चौकशी

आमच्या दादाचं एक तत्त्व आहे. स्थळ आलं की पोराच्या घरी जायचं नाही, आधी त्याच्या गावात जायचं. न्हाव्याच्या खुर्चीत बसायचं, किराणा दुकानात पावशेर साखर घ्यायची आणि पाणवठ्यावर बायका काय बोलतात ते ऐकायचं. "पोरगा खोटं बोलंल, गाव न्हाई बोलणार," म्हणतो. या चौकशीपायी त्याने स्वतःच्याच लेकीची, म्हणजे माझ्या भाचीची, आष्टीकडची दोन चांगली स्थळं उडवली. एका गावात नळाला पाणी नव्हतं म्हणून, आणि दुसऱ्या गावचा न्हावी "पोरगा बरा हाय" म्हणायच्या आधी जरा थांबला म्हणून!

भाची शिकायला फ्रान्सला गेली, तिकडेच नोकरीला लागली आणि पॅरिसच्या कडेच्या एका लहान गावातला पोरगा तिने स्वतःच पसंत केला. पोरगा पाटोद्याला येऊन गेला. दारातच हात जोडून "जयभीम" म्हणाला. वहिनीच्या हातची भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं तरी हूं की चूं केलं नाही. आम्ही बायका तिथेच त्याच्या बाजूच्या झालो. दादा मात्र अडून बसला. "गाव बघितल्याबिगर पोरगी देत न्हाई."

"मग बघ की," मी म्हटलं. "मोबाइल कशाला हाय?"

मला वाटलं, गप बसेल. हा गडी तयारच झाला! शनिवारी दुपारी इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसला. मी शेजारी, वहिनी दाराशी. तिकडे भाची मोबाइल पुढे धरून गावभर हिंडायला लागली.

आधी न्हावी. भाची इकडचं तिकडे, तिकडचं इकडे सांगत होती. न्हाव्याने पोराची तारीफ केली, अजिबात न थांबता. दादाने खवचटपणे विचारलं, "तुमी इथलेच का?" न्हावी निघाला अल्जेरियाचा. किराणावाला श्रीलंकेचा. पाव विकणारी बाईसुद्धा कुठल्या तरी लांबच्या खेड्यातली. दादा वैतागला. "अगं, या गावात गावचं माणूस हाय का न्हाई? चौकशी करू कुणाकडं?" मी तोंडाला पदर लावून हसत होते.

"पाणवठा दाखव," दादा म्हणाला.

चौकात दगडी हौद होता. ठणठणीत कोरडा, आत फुलझाडं लावलेली. "बघ, पाणी न्हाई!" दादाने मला कोपराने ढोसलं.

हौदाच्या कट्ट्यावर एक म्हातारी बसली होती. भाची म्हणाली, "ही त्याची आजी. तुमाला भेटायला मुद्दाम आलीय." चौकशी चाललीय हे कळल्यावर आजी लई खूश झाली आणि तिने गावाची सगळी कुंडलीच मांडली. आधी इथे भाजीचे मळे होते, माल पॅरिसच्या बाजारात जायचा. मग रेल्वे आली, कारखाने आले, मळे गेले. ती स्वतः लहानपणी पोर्तुगालहून आईबापाबरोबर पोट भरायला आलेली. पत्र्याच्या खोपटात राहायची, भोवती चिखल, आणि सगळ्या वस्तीला एकच नळ.

"म्हंजे ऊसतोडीच्या कोपीसारखंच की," वहिनी पहिल्यांदा बोलली.

"रांगेत भांडणं व्हायची का?" मी विचारलं. आजी म्हणाली, मध्ये घुसणाऱ्या एका बाईच्या डोक्यावर तिने भरलेली बादली ओतली होती, आणि मग स्वतःच परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. आम्ही खो खो हसलो. दादासुद्धा. आता हा हो म्हणणार, अशी माझी खात्रीच झाली.

मग आजीने काहीतरी विचारलं. भाचीने ते न सांगताच मोबाइल हौदाकडे वळवला.

"काय म्हणती?" दादा म्हणाला.

"काय न्हाई, पप्पा."

"सांग की."

"आजी विचारती, तुमच्या घरी पाणी कोण भरायचं?"

दादाचं हसू गेलं. शाळेच्या आधी हंडा घेऊन टँकरमागे पळायची ती हीच पोर. टँकर उशिरा आला की शाळा बुडायची. जगाच्या पाण्याची चौकशी करत फिरणाऱ्या माणसाला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

दादाने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

"तिला सांग, तूच भरायचीस," तो म्हणाला. "आन् म्हणावं, पोरगी दिली. पण हिला बादली उचलू देऊ नका."