दोन पत्रे आणि तिजोरीतला पासपोर्ट

२००१ सालच्या एप्रिलमध्ये, एकाच आठवड्यात, मला दोन कॉलेजांनी जागा देऊ केली. पहिले कॉलेज अमेरिकेतल्या एका लहान शहरातले होते. अभ्यासक्रम चार वर्षांचा, जीवशास्त्राचा, ज्याला तिथे प्रीमेड म्हणतात. दुसरे कर्नाटकातले खासगी मेडिकल कॉलेज. अनिवासी भारतीयांच्या कोट्यातली एमबीबीएसची जागा, बारावीच्या गुणांच्या अटीवर. दोन्ही कॉलेजांना महिनाअखेर उत्तर हवे होते.

आम्ही आखातात, शारजातल्या रोल्ला भागाजवळ राहत होतो. बाबा दूर फुजैराच्या बंदरात, जहाजांना तेल पुरवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होते. गुरुवारी संध्याकाळी घरी येत आणि शुक्रवारी संध्याकाळी परत जात. घरपोच टपाल नव्हते. पत्रे कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये पडत आणि बाबांच्या बॅगेतून घरी येत. ठरवायच्या गोष्टी शुक्रवारी ठरत.

त्या शुक्रवारी काहीच ठरले नाही. आई रोल्लातल्या एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन होती. तिने अमेरिकेचे माहितीपत्रक शेवटच्या पानापासून वाचले. तिथे बारीक अक्षरात लिहिले होते की प्रीमेड म्हणजे मेडिकलचा प्रवेश नव्हे आणि परदेशी विद्यार्थ्यांना पुढे फार थोड्या जागा मिळतात.

"म्हणजे चार वर्षं शिकून हिने पुन्हा रांगेत उभं राहायचं," आई म्हणाली.

"शिक्षण तरी चांगलं मिळेल," बाबा म्हणाले.

"चांगल्या शिक्षणाने इंजेक्शन देता येत नाही. तुला काय वाटतं गं?"

"आय डोन्ट नो."

"मराठीत सांग. मराठीत माहीत असेल."

मराठीतही माहीत नव्हते. मला डॉक्टर व्हायचे होते, एवढे नववीपासून पक्के होते. कर्नाटकच्या पत्राने ते होणार होते. अमेरिकेच्या पत्राने होईलच असे नव्हते, पण मला ते पत्र पुन्हापुन्हा काढून वाचावेसे वाटत होते. आई क्लिनिकला गेली की मी दोन्ही पत्रे फरशीवर मांडून बसे, मग उठून गॅलरीत जाई, मग परत येई. वहीत दोन रकाने आखले होते. सोमवारी अमेरिकेचा लांब होता, बुधवारी कर्नाटकचा. भारत मी फक्त जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत पाहिला होता. कर्नाटक पाहिलेच नव्हते.

कर्नाटकच्या कॉलेजला वडिलांचा मूळ पासपोर्ट, व्हिसाच्या पानासह, तपासणीसाठी हवा होता. अमेरिकेला फक्त माझा पुरला असता आणि तो घरी कपाटात होता. बाबांचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होता. तेव्हा बहुतेक कंपन्या कामगारांचे पासपोर्ट स्वतःकडे ठेवत. तो बाहेर काढायला एक छापील फॉर्म होता आणि त्यावर तीनच कारणे होती : रजा, नूतनीकरण, नोकरी सोडणे. मुलीचे कॉलेज त्यात नव्हते. बाबांची रजा ऑगस्टमध्ये होती.

कंपनीची सरकारी कागदपत्रे करणारा मंदूब केरळचा होता. त्याने बाबांना सांगितले, "साब, रिन्यूअल पे टिक करो. रिन्यूअल का पासपोर्ट उसी दिन निकलता है।" पासपोर्टची मुदत वर्षभरात संपणारच होती. कर्नाटक ठरलेच तर पासपोर्ट हाताशी असावा म्हणून बाबांनी खूण केली.

पासपोर्ट खरोखर त्याच दिवशी निघाला. पण तो बाबांच्या हातात आला नाही. नूतनीकरणाचे पासपोर्ट मंदूब स्वतः दुबईला भारतीय वाणिज्य वकिलातीत नेऊन देत असे, हे बाबांनी विचारले नव्हते आणि त्याने सांगितले नव्हते. पुढच्या गुरुवारी बाबांच्या बॅगेतून एक पावती निघाली.

"कधी मिळणार?" आईने विचारले.

"इन्शाल्ला दोन आठवड्यांत, म्हणाला."

"इन्शाल्ला आधी म्हणाला की नंतर?"

"आधी."

"मग तीन धरा."

मला त्या वेळी बरे वाटले होते. पासपोर्ट नाही म्हणजे कर्नाटक नाही आणि माझ्यावर काही ठरवायची पाळी नाही. मी वही बंद करून ठेवली.

शनिवारी आईने क्लिनिकमधून कर्नाटकला फोन लावला. तिथल्या रजिस्ट्रारने सांगितले की पासपोर्ट नूतनीकरणाला गेल्याचे कंपनीचे पत्र फॅक्स करा, मेच्या अखेरीपर्यंत मुदत देतो. मात्र तपासणीला मूळ पासपोर्ट लागेलच. आईने हे संध्याकाळी सांगितले. मी वही पुन्हा उघडली.

कंपनीचे पत्र मिळवायचे तर बाबांना मॅनेजरकडे जाऊन फॉर्मवरची खूण कशासाठी केली होती ते सांगावे लागणार होते. नंतर नवा पासपोर्ट तिजोरीत जाण्याआधी पुन्हा मागावा लागणार होता. रजा नसताना पासपोर्ट मागणारा माणूस दुसरी नोकरी शोधतो आहे, असे तिथे धरले जाई. पुढच्या शुक्रवारी मी बाबांना म्हणाले, "राहू दे. मी अमेरिकेला जाते."

"का?"

"तुम्हाला मॅनेजरला विचारायला लागेल ना."

"माझ्या पासपोर्टचं मी बघतो," बाबा म्हणाले. "तू तुझं सांग. पासपोर्ट माझ्या खिशातच आहे असं समज आणि सांग."

आई स्वयंपाकघरात होती. तिने नळ बंद केला.

मी म्हणाले, "चार वर्षांनी मेडिकल नाही मिळालं तर मी काय करू, ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"कर्नाटक."

"रडतेस कशाला मग?" आई आतून म्हणाली.

"रडत नाहीये."

शनिवारी सकाळी बाबा मॅनेजरसमोर उभे राहिले. मॅनेजरने एकच प्रश्न विचारला, "जाताय का?" बाबा म्हणाले, "मी नाही, मुलगी." पत्र दुपारी टाइप झाले आणि कंपनीतूनच कर्नाटकला फॅक्स झाले. त्याच फॅक्स मशीनवरून बाबांनी माझे एक पत्रही पाठवले. त्यात अमेरिकेच्या कॉलेजचे आभार मानले होते आणि जागा नाकारली होती.

नवा पासपोर्ट तीन आठवड्यांनी आला. जुना, कोपरा कापून रद्द केलेला, त्याला जोडलेला होता, कारण व्हिसा जुन्यातच होता. मॅनेजरच्या सहीने दोन्ही सात दिवसांसाठी बाहेर निघाले. मेच्या शेवटच्या आठवड्यात आई ते घेऊन माझ्याबरोबर कर्नाटकात आली. खिडकीवरच्या कारकुनाने दोन्ही पासपोर्ट उघडले, व्हिसाचे पान पाहिले, बाबांचे नाव माझ्या अर्जावरच्या नावाशी ताडून पाहिले आणि अर्जावर शिक्का मारला.