चिपळूणचं नाक

एका हिवाळ्यात बापूमामांनी ओठांना ओठ लावणं सोडलं. नॉटिंगहॅमला मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. जेवताना ते 'पाणी' म्हणेनात, 'जल आण' म्हणत. भात हवा असला की 'शिजलेले तांदूळ घाल.' एरवी त्यांचं प्रत्येक वाक्य 'मी'नं सुरू व्हायचं, तेही बंद पडलं. मामी म्हणाल्या, "असंच चालू द्या हो, घर किती शांत झालंय."

कारण होतं खोकला. केमिस्टनं त्यांना सेनेगाच्या मुळीचं औषध दिलं. मामांनी लायब्ररीतल्या इंटरनेटवर त्या मुळीचं मूळ शोधलं. अमेरिकेतले सेनेका लोक ती साप चावल्यावर द्यायचे, गोऱ्यांनी ती उचलून खोकल्याला लावली. सेनेकांच्या भाषेत प, ब, म जवळजवळ नाहीतच, हेही तिथंच कळलं. त्यात सेनेका भाषा शिकवणाऱ्या एक बाई युनिव्हर्सिटीत भाषणाला येणार होत्या.

"ज्यांचं औषध घेतो त्यांचे आभार त्यांच्याच भाषेत मानायचे," मामांनी जाहीर केलं. "थँक्यू काय, बसच्या ड्रायव्हरलाही म्हणतो आपण!" आणि दुसऱ्या दिवसापासून सरावासाठी प, ब, म बंद.

मामी पुण्याच्या, मामा चिपळूणचे. लग्नापासून मामी त्यांच्या गेंगाण्या बोलण्याला हसत आल्या होत्या. "तिथे नाकात बोलून शोभा करून घेऊ नका," त्यांनी बजावलं. त्या रात्री मामा नीट जेवले नाहीत.

भाषणाला आम्ही तिघंही गेलो. ते संपलं आणि मामांनी उभं राहून इंटरनेटवरून घोकलेले आभार मानले. "न्यावें स्गेंनों!"

हॉलभर माना वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई स्टेजवरून खाली आल्या.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या. मामांनी पुन्हा म्हटलं.

"हे नाकातले स्वर आमच्या मुलांना घोकून घोकून येत नाहीत! कुठे शिकलात?"

"चिपळूण," मामा म्हणाले.

मामींनी शेजारच्या गोऱ्या बाईला कोपरानं ढोसलं. "माय हजबंड! होल फॅमिली टॉक्स थ्रू द नोज!" इतकी ऐट मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती.

बाईंनी मग अर्थ सांगितला. तो मुळी औषधाच्या आभाराचा नव्हताच. 'तुम्ही सुखरूप आहात, हे पाहून धन्य वाटलं,' असा काहीसा तो नमस्कार होता.

परतताना बसमध्ये मामा खोकून खोकून बेजार झाले.

"मामा, औषध लागू पडलेलं दिसत नाही," मी म्हटलं.

"छे रे, काडीचा गुण नाही! आभार खोटेच ठरले असते." त्यांनी रुमालानं डोळे पुसले. "पण त्यांच्या जमिनी गेल्या, भाषा जायला टेकली, तरी बाई बघ कशा ठणठणीत उभ्या होत्या. मी जे बोलून बसलो ना, ते अगदी खरं निघालं."