मोठीचा सव्वा महिना

मोठी कुणाच्या सांगण्यावरून कुणाच्या घरातून उठली नाही. ती माझी थोरली जाऊ आणि आमच्या डोंगरावरच्या वाडीची सुईण. उंचीने माझ्या खांद्यालाही लागत नव्हती, पण बाळंतिणीच्या घरात शिरली की म्हातारे सासरेसुद्धा आवाज खाली आणायचे. सव्वा महिना रोज जायची, बाळाला आणि आईला न्हाऊ घालायची, शेक द्यायची, आणि निघताना न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायची. "बाळंतीण चुलीपुढं बसली की मी उठली," म्हणायची. सव्वा महिन्याआधी सुनेला भाकऱ्यांना बसवणाऱ्या एका सासूला तिने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तुझे हात काय म्हशीनं चघळले?"

तिची एकुलती एक मुलगी सुमन. जावई आखातात नोकरीला. पहिल्या खेपेला त्याने सासूला तिकडे बोलावून घेतलं. पाहुणीला राहायची परवानगी दोन महिन्यांची. पण त्याने तिला बाळंतपणाच्या दीड महिना आधीच नेलं, कारण सुमनला डॉक्टरने पडून राहायला सांगितलं होतं आणि ह्याला ताटात गरम भाकरी हवी होती. मुदत संपली तेव्हा नात पंधरा दिवसांची होती.

हे दोन महिने ठरवले कुणी? ज्याने ठरवले त्याच्या आईला कुणी कितव्या दिवशी चुलीपुढं बसवलं होतं, ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे.

मोठी परत आली तेव्हा मी तिला आणायला वीरच्या स्टेशनावर गेले होते. रिक्षात बसल्यावर विचारलं, "बाय, जास्तीची राहिलीस, कुणी काय बोललं नाय?"

"जावई बोलला, राहा, मी बघतो. मी काय तिथं फिरायला गेलेली गो? सव्वा महिना करून आली."

निघताना विमानतळावर पासपोर्टात एक मोठा शिक्का मारला होता. तो तिने वाडीभर मिरवला. मीही कौतुकाने बघितला. मी चौथी शिकलेली, पण ती अक्षरं आपली नव्हती.

दोन वर्षांनी सुमनला पुन्हा दिवस गेले. मोठीने डिंक, मेथी, वावडिंग बांधून ठेवलं आणि आम्ही व्हिसाचे कागद करायला महाडला गेलो. तिथल्या एका दुकानदाराने आखातात बरीच वर्षं काढलेली. त्याने शिक्का वाचला आणि पासपोर्ट हळूच मिटला.

"मावशी, मुदतीच्या वर राहिलात ना? तुम्हांला परत जायला बंदी हाय."

"जावयाला ठाऊक असंल?"

"तिथं राहणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक असतं."

 पोलादपूरला गाडीतून उतरल्यावर मोठी म्हणाली, "त्यानं सांगितलं असतं तरी मी राहिलीच असती. पण सांगायला नको?"

सुमनला मुलगा झाल्याचं कळलं, त्या दिवसापासून मोठी आमच्याच न्हाणीच्या भिंतीवर रेघा ओढू लागली. दहाव्या दिवशी सुमनचा फोन आला. दोन शब्द बोलली नाही तोवर म्हणाली, "आई, ठेवते, भात उतू जातोय." मोठीने फोन ठेवला. अकरावी रेघ तिने ओढली नाही.

त्यानंतर पाच महिन्यांत ती तापाने गेली. बाराव्याला जावई आला. सुमन आणि दोन्ही पोरं बरोबर. सुमनची नुसती काडी झाली होती. पंगत उठल्यावर जावई म्हणाला, "काकी, आम्ही परवा निघू."

"तुम्ही आजच निघा, जावईबापू. सुमन राहील."

"किती दिवस?"

"ते मी सांगेन."

"आणि माझ्या जेवणाचं?"

"तुमचे हात काय म्हशीनं चघळले?"

तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी तापवलं, सुमनला अंगाला तेल लावून न्हाऊ घातलं, चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि मोठीच्या दहा रेघांशेजारी अकरावी ओढली.