अर्ध्या अंगाचं माप

माझा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली आहे. लहानपणी जिन्यावरून पडले आणि हाड बसवणाऱ्याने ते आपल्या मर्जीने बसवलं. शाळेत मला सगळ्या 'तराजू' म्हणायच्या. लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या वन्संनी, मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि टेप न लावता ब्लाउज शिवून दिला. कुठे चुणी नाही, झोळ नाही. आपला खांदा उतरलेला आहे हे मीच विसरले. आरशासमोर रडलेच मी. तेव्हापासून ही बाई मला कितीही टाकून बोलली तरी मी ऐकून घेते.

वन्संनी सातवीत शाळा सोडली आणि मशीन धरलं. पुढे शिवणशाळेत मुलींना शिकवायला हंगामी म्हणून लागल्या, त्याला नऊ वर्षं झाली. खुर्ची डुगडुगती, पगार बेताचा, पण तिथे सगळ्या 'बाई' म्हणत आणि वन्संना त्या हाकेची भारी हौस. मग नियम निघाला की प्रमाणपत्र नसेल त्याला शिकवता येणार नाही. परीक्षेच्या दोन संधी, दोन्ही हुकल्या तर घरी बसा. झालं, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वन्सं आपल्याच विद्यार्थिनींच्या रांगेत परीक्षेला बसल्या. मापासाठी प्रत्येकीने घरचं माणूस आणायचं होतं. मी गेले.

पुस्तकातली रीत अशी की कागदावर माणसाचं अर्धंच अंग आखायचं, कापड दुमडायचं, कागद घडीवर ठेवून कात्री चालवायची. दुसरं अर्धं आपोआप निघतं. वन्संनी घडीवर कापलं, मग घडी उलगडली आणि डावा खांदा पाऊण इंच उतरवला.

परीक्षक बाईंनी शिवून झालेला ब्लाउज मधोमध दुमडला आणि खांद्यावर खांदा ठेवला. जुळेना. लगेच तांबडी रेघ. मला कुठलं राहवायला! मी तो घालूनच दाखवला. छान बसलाय, असं परीक्षक बाईसुद्धा म्हणाल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "पण मला ब्लाउज तपासायचाय, तुम्हाला नाही."

वन्सं चार गुणांनी नापास झाल्या. त्यांनी शिकवलेल्या साऱ्या मुली पास. बिचाऱ्या पोरींना बाईंसमोर हसायचीही चोरी.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. म्हटलं, वन्सं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? त्यांना हवं तसं कापून द्या, तो कागद पदरात पाडून घ्या, मग जन्मभर हवं ते शिवा. त्या एकच विचारत राहिल्या, मग माप घ्यायचंच कशाला? परीक्षेसाठी, मी म्हटलं. तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर आखायला बसल्या. सहा महिने हेच चाललं. पण हात असला हट्टी, की घडी दिसली की उलगडायला जायचा. मी पट्टीने हळूच मारायची आणि आम्ही दोघी हसायचो. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला वाटायचं, घरात शहाणी म्हणून काय ती मीच.

दुसऱ्या परीक्षेला मी म्हटलं, सरळ खांद्याची कुणीतरी न्या, शेजारीण एका पायावर तयार आहे. ऐकतील तर शपथ. मलाच नेलं. घडीवर कापून झालं आणि त्यांचा हात घडीशी थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि सरळ शिवायला घेतलं.

या खेपेला खांद्यावर खांदा अगदी तंतोतंत बसला. शंभरात ब्याण्णव. परीक्षक बाईंनी तो ब्लाउज मुलींना नमुना म्हणून दाखवला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं, नोकरी कायम झाली. मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला होता. वन्संना शाळेपर्यंत पोचवायला जायचं म्हणून मी मुद्दाम तोच ब्लाउज घातला. गळ्याशी डावीकडे झोळ पडला होता, खांदा दंडावर ओघळत होता, पण ब्याण्णव गुणांचा होता ना! वन्सं दारात चपला घालत होत्या, त्या थांबल्या. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही, नुसतं त्या झोळाकडे पाहिलं.

"काढ तो," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटेल मी शिवलाय."

मी आत जाऊन बदलला. पहिला तास आखणीचा होता, त्याला उशीर नको म्हणून वन्सं तोवर निघूनही गेल्या होत्या.