खाल्लेली मात्रा

डेस्मंड पिलबीमला मी बावन्न वर्षं ओळखतो. त्याच्या बँडची व्हॅन मी चालवायचो आणि त्याचे ड्रमही मीच उचलायचो, माझी पाठ त्यातच गेली. 'पेल हॅरो' हे बँडचं नाव इंग्लंडमधल्या आमच्या केंट परगण्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, पण ज्यांना ठाऊक आहे ते वेडे आहेत. रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणारं एकवीस मिनिटांचं गाणं डोळे मिटून ऐकतात. त्या काळी आमच्यात साध्या चारच्या ठेक्यात वाजवणं कमीपणाचं समजत. म्हणून 'गिरणीचा जिना' हे गाणं डेस्मंडने अकरा मात्रांत बसवलं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी चौदाव्या मिनिटाला त्याने एक मात्रा खाल्ली. अकराऐवजी दहा. बाकीचे तिघे क्षणात सावरून त्याच्यामागे गेले, म्हणून कानाला खटकलं नाही. पुन्हा वाजवलं तेव्हा ठेका चोख पडला, पण ऑर्गन मध्येच बेसूर झाला आणि स्टुडिओची वेळ संपली. पहिलंच छापलं गेलं.

मग विद्वान सुटले. एकाने लिहिलं, त्या जागी काळच अडखळतो. एका विद्यापीठात त्या मात्रेवर प्रबंध झाला. तेविसाव्या वर्षी लोक थोर म्हणत असताना 'चुकलो हो' म्हणायला कुणाची जीभ रेटते? झाकली मूठ सव्वा लाखाची. डेस्मंड गप्प बसला, तर लोक त्यालाही विचारांची खोली म्हणाले.

बँड मोडला आणि तो फॅवरशममध्ये गाडी चालवायला शिकवू लागला. शिकणाऱ्या पोरींचे बाप खिडकीतून हात घालून डॅशबोर्डवर तो ठेका धरत, दहावर थांबत आणि डोळा मारत. पुढे वर्षाला दोन कार्यक्रम पुन्हा सुरू झाले. ती जागा आली की सभागृहातली सगळी टकली डोकी एकदम खाली झुकतात. दर खेपेला डेस्मंड व्हॅनमध्ये म्हणायचा, आज अकरा वाजवतो. आणि दहाच वाजवून यायचा, म्हणायचा, ती डोकी बघितली की धीर होत नाही. स्वतःच्याच चुकीची जन्मभर नक्कल करणाऱ्या या माणसाची मला दया यायची आणि रागही यायचा.

गेल्या मार्चमध्ये कँटरबरीहून ब्रायनी कॅट नावाच्या बाईचं पत्र आलं. ती जुन्या बँडच्या निवडक गाण्यांचे संच काढते. 'पेल हॅरो'च्या संचाची जुळवाजुळव करताना तिला भलत्याच डब्यात ती दुसरी टेप सापडली होती. बेसूर ऑर्गन आता दुरुस्त करता येतो म्हणे. संचात जागा मात्र एकाच 'जिन्या'ला होती. कुठला घ्यायचा, ते डेस्मंडने ठरवायचं होतं.

टेप ऐकायला कँटरबरीला जाताना गाडीत स्वारी खुशीत होती.

"टेड, हे एकदा बाहेर पडलं ना, की ऑक्टोबरच्या कार्यक्रमात अकरा वाजवायला मी मोकळा. कुणी विचारलंच तर सांगेन, संच ऐका."

"आणि प्रबंधवाल्याचं काय?"

"त्याला दुसरा लिहू दे की."

ब्रायनीने चहा दिला आणि टेप लावली. मला ती गाणी सगळी सारखीच वाटतात, म्हणून मी डेस्मंडच्या बुटाकडे बघत बसलो. टाचेने ठेका धरला होता. चौदावं मिनिट आलं. टाच दहावर थांबून पुढच्या आवर्तनाला लागलीसुद्धा, आणि स्पीकरमधला तेवीस वर्षांचा डेस्मंड अकरावी मात्रा नीट वाजवून मागून आला.

त्याने पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी तो पुटपुटत आकडे मोजत होता. तोंड अकरा म्हणालं, पण टाच तोवर पुढे गेली होती. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. पाय हलला नाही, पण दहावर त्याची मान झुकली.

"पहिलंच घाला," तो म्हणाला.

ब्रायनीचा चेहरा फुलला. "मला वाटलंच होतं, मिस्टर पिलबीम. ती मात्रा म्हणजेच तुम्ही."

त्याने सही केली आणि चहा संपवला. परतताना नियमाप्रमाणे आरशात बघत त्याने गाडी चालवली, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. घरी ग्लेनिस, त्याची बायको, दारातच उभी होती.

"घेतलं का एकदाचं बरोबरचं?"

"नाही," डेस्मंड कोट खुंटीला लावत म्हणाला. "अगं, ते मला वाजवता येत नाही."