भामरागडसाठी काढलेली ब्रँच

चंद्रपूरच्या त्या ऑफिसात आम्ही तिघंच होतो. मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, माझ्याच वयाचा एक प्रोग्रामर, आणि मी. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. आम्ही आरोग्य केंद्रांसाठी हिवतापाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करायचो. कोणत्या गावात कोणाला ताप आला, रक्ताचा नमुना कधी घेतला, तपासणीत काय निघालं, गोळ्या दिल्या की नाही. ते सॉफ्टवेअर बाहेर जायच्या आधी तपासणं हे माझं काम. अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. मुलगी काय करते असं गिऱ्हाइकानं विचारलं की ते म्हणायचे, "दूसरों की गलतियां निकालती है."

त्या वर्षी मी हट्टानं ऑफिसात व्हर्जन कंट्रोल आणलं होतं. त्याआधी आमचा प्रोग्राम 'नवीन', 'नवीन२' आणि 'खरंच शेवटचं' अशा फोल्डरांत पसरलेला असे. आता सगळा एका जागी आला, आणि बाहेर पाठवायच्या प्रोग्रामसाठी मी वेगळी ब्रँच काढू लागले. ब्रँच म्हणजे चालू कामातून बाजूला काढलेली प्रत. तिच्यात चुका तेवढ्या दुरुस्त करायच्या, नवीन काही घालायचं नाही. नवीन काम मुख्य प्रतीत चालू राहणार, आणि तपासून झाल्याशिवाय ते ब्रँचमध्ये येणार नाही. भाऊंना ही सगळी थेरं वाटत होती, पण त्यांनी ते चालू दिलं. तोवर त्यांचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते जूनमध्ये. भामरागडच्या केंद्रातले एक आरोग्य सेवक प्रोग्रामची सीडी न्यायला आले होते. वयानं मोठे, कमी बोलणारे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते परत निघणार होते. एकदा पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली गेला की तिकडचा रस्ता बंद, फोनचाही भरवसा नाही. म्हणजे आज जी सीडी जाईल तिच्यावरच त्यांना पावसाळा काढायचा होता. त्यांच्यासाठी मी महिनाभर आधीच ब्रँच काढून ठेवली होती.

भाऊ म्हणाले, "तो नाव शोधायचा नवीन भाग टाक त्याच्यात. मी आरोग्य खात्याच्या साहेबाले शब्द देऊन बसलो."

तो भाग प्रोग्रामरनं चार दिवसांपूर्वी लिहिला होता. नाव टाइप केलं की जुनी नोंद आपोआप समोर यायची. दिसायला झकास. पण माझ्या तपासणीच्या यादीत एकाच गावातल्या, एकाच नावाच्या दोन बाया होत्या. दुसरीची नोंद केली की पहिलीची पुसली जात होती.

"नाई टाकणार," मी म्हटलं. "दोन बायांची एक होऊन राह्यली."

"असं कितीदा होते बाप्पा?"

"तिकडं एका पाड्यावर एकाच नावाच्या तिघी असतात, भाऊ. एकीच्या रक्तात हिवताप निघाला अन् दुसरीची नोंद तिच्यावर बसली, तर गोळ्या कोणाले द्याच्या?"

त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही. प्रोग्रामरकडे वळून म्हणाले, "तू काढ सीडी. मुख्य प्रतीतून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. सीडी काढली आणि टेबलावर ठेवली. मी माझी, ब्रँचमधली सीडी काढली आणि शेजारी ठेवली. आरोग्य सेवक बाकावर बसून सगळं ऐकत होते. मी त्यांनाच सांगितलं, "ही तपासलेली आहे. ह्याच्यात नवीन काही नाई. ती नवीन आहे, पण तपासलेली नाई. नोंद पुसली जाते तिच्यात."

ते उठले, माझी सीडी घेतली, पिशवीतल्या टॉवेलात गुंडाळली आणि "येतो भाऊ" म्हणून निघून गेले.

भाऊंचा चेहरा लाल झाला होता. "गिऱ्हाइकासमोर माही इज्जत काढते! उद्यापासून येऊ नको तू."

घरी मी काही सांगितलं नाही. रडूही आलं नाही, नुसता राग होता. दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी ऑफिसात गेले आणि माझ्या खुर्चीवर बसले. भाऊ आले, मला पाहिलं.

"तुले काय म्हटलं होतं काल?"

"लिहून द्या," मी म्हटलं. "काऊन काढलं तेही लिहा त्याच्यात."

त्यांनी लिहून दिलं नाही. पुढचे दहा-बारा दिवस माझ्याशी बोललेही नाहीत. मी रोज येत राहिले, तपासत राहिले. दरम्यान त्यांनी ती दुसरी सीडी सावली तालुक्यातल्या एका केंद्रात बसवली होती.

तिथून फोन आला तो प्रोग्रामरनं घेतला. नोंदी कमी भरत होत्या, रजिस्टरशी ताळमेळ बसत नव्हता. फोन ठेवून तो थेट माझ्या टेबलाशी आला. "चाल माह्यासंगं," एवढंच म्हणाला. आम्ही एसटीनं गेलो, ब्रँचमधला प्रोग्राम परत बसवला आणि दोन दिवस कागदी रजिस्टरवरून पुसलेल्या नोंदी हातानं भरल्या. तो वाचायचा, मी टाइप करायची. एका बाईची गोळ्यांची नोंदच गेली होती. तिथल्या नर्सबाईंनी रजिस्टर पाहून तिला वेळेवर गोळ्या दिल्या होत्या, म्हणून निभावलं. त्या नावाशी तो अडखळला. पाणी पिऊन आला आणि पुन्हा वाचायला लागला.

परत आल्यावर मी भाऊंना सांगितलं, "यापुढं ब्रँचमधून नाई आलं ते बाहेर जाणार नाई. मंजूर नसन तर मी चालली." ते वर्तमानपत्र वाचत राहिले. चूक झाली असं ते कधीच म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही, आजही मागणार नाही. पण त्यानंतर सीडी माझ्याच हातून जाऊ लागली.

दिवाळीच्या सुमाराला भामरागडचे आरोग्य सेवक आले. पावसाळाभराच्या नोंदी त्यांनी आणल्या होत्या, सगळ्या शाबूत. मला शाबासकीची आशा होती. ते तक्रार घेऊन आले होते.

"लाइन जाऊन आली का पासवर्ड मांगते. दिवसातून वीसदा. काढून टाका ते, मी बसतो इथीच."

"काढते," मी म्हटलं, "पण आज नाई भेटणार. तपासाले चार दिवस लागतीन."

"एवढ्या दुरून आलो मी, बाई."

मला खरंच वाईट वाटलं. पण मी हो म्हटलं नाही. ते चहा अर्धा टाकून उठले आणि रागारागानं बसस्टँडकडे गेले.