गच्चीला कुलूप आणि पातेलंभर चीक

नांदेडहून रात्रभर एसटीत बसून सकाळी वाशीच्या हायवेला उतरलो, तेव्हा माझी सहा वर्षांची सोनाली म्हणाली, "आई, इथं कांद्याचा वास येतो." मला बरं वाटलं. माझ्या माहेराचा तोच वास. माझे वडील, आबा, साताऱ्याहून आले आणि एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याच्या गोण्या उचलता उचलता म्हातारे झाले. माथाडी (डोक्या-पाठीवरून माल वाहणारा कामगार) म्हणून निवृत्त झाले. त्या गोण्यांवरच मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते.

दादानं कोपरखैरण्यात नवा फ्लॅट घेतल्यावर आम्ही पहिल्यांदाच येत होतो. रिक्षातून दिसत होते ते मोकळे प्लॉट, वाळकं गवत, मधेच उगवलेल्या चार मजली इमारती आणि लांबवर उघडा पडलेला डोंगर. झाड नावाला नाही. पण आईनं दार उघडलं आणि आत पाऊल टाकताच आंबूस वास आला. गहू भिजत पडले होते.

"तू येनार म्हनून घातल्यात," आई म्हणाली. "कुरडया घिऊनच जायचं."

माहेरी आलेल्या लेकीनं उन्हाळ्यात कुरडयांचा डबा घेऊनच परतायचं, ही आमच्याकडची रीत. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून पिळायचे, रात्रभर निवळू द्यायचे. सकाळी वरचं पाणी ओतलं की खाली राहतो तो पांढराशुभ्र चीक. तो शिजवून गरम गरम सोऱ्यातून कडक उन्हात घालायचा. चीक थांबत नाही. त्या दिवशी घातला नाही, तर आंबून फेकावा लागतो.

मधल्या दिवसांत आबा नातवंडांना मार्केट दाखवायला घेऊन गेले. ट्रक, गोण्यांच्या थप्प्या, पायाखाली कांद्याची सालं. आबांच्या जुन्या माथाडी टोळीतल्या एकानं दादाच्या चार वर्षांच्या बंटीला हातगाडीवर बसवून गाळ्यापर्यंत ढकलत नेलं.

"आबा, ह्यो माल कुठं उतरवायचा?"

"ठेव तितंच. संध्याकाळपातूर भाव यील," आबा म्हणाले. सगळे हसले. आबांना तिथं येता-जाता माणसं नमस्कार करत होती. सोनालीनं ते बघितलं आणि परतताना आबांचं बोट सोडलं नाही.

चिकाच्या दिवशी सकाळी वहिनी आणि मी सतरंज्या घेऊन गच्चीवर गेलो. दाराला कुलूप.

खालच्या मजल्यावर सेक्रेटरी राहतात. बनियनवर पेपर वाचत होते. किल्ली मागितली.

"मॅडम, ही सोसायटी आहे, चाळ नाही," ते म्हणाले. "वाळवणं घातली की कावळे येतात. अँटेना हलतात. मग टेन्शन आम्हाला."

"मागच्या रविवारी तुमच्या मुलाचा वाढदिवस गच्चीवरच झाला ना?" हे मला वहिनीनं जिन्यातच सांगितलं होतं.

"ते फंक्शन होतं."

"कुरडया घालायला सकाळ पुरते. तुमच्या फंक्शनची खरकटी ताटं दोन दिवस पडून होती म्हणे."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "तुम्ही चार दिवसांच्या पाहुण्या. तुमच्या भावाची, सुरेशरावांची, काही तक्रार नाही. आणि तुमचे वडील मार्केटला व्यापारी. त्यांना कुरडया विकत आणणं जड आहे का?"

मी वहिनीकडे बघितलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. "वन्सं, चला वर," एवढंच म्हणाली.

माझ्या डोक्यात जाळ झाला. मला मराठीत भांडता येतं, इंग्रजीतही येतं, पण मी तडक जिना चढून घरात गेले. व्यापारी! माझ्या बापाला पोटच्या मुलानं व्यापारी करून टाकलं होतं.

दादा महाप्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. दाढी करत होता.

"आबा व्यापारी कधी झाले रे?"

त्यानं वस्तरा थांबवला. "हळू बोल. सोसायटीच्या मीटिंगला एकानं विचारलं, वडील काय करतात. तोंडातून निघून गेलं. मग मागं कसं घ्यायचं? आम्हाला इथं राहायचंय, सुमे. तुझं काय, तू जाशील."

"मग किल्ली तरी माग. व्यापाऱ्याचा मुलगा ना तू?"

"कशाला वाईटपणा घ्यायचा?"

"ह्या भिंती कुणाच्या मानेवर उभ्यात, ठाऊक आहे तुला? त्याच माणसाला तू लपवतोस?"

स्वयंपाकघराच्या दारात आबा उभे होते. सगळं ऐकलेलं. मला वाटलं, आता घर फुटणार. उद्या आबा साताऱ्याची गाडी धरणार आणि मुलाच्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाहीत.

आबा म्हणाले, "चीक आंबाय लागला. भांडान उद्या बी करता यील. माझा पंचा कुटं हाय?"

त्यांनी पंचा पिळून गोल गुंडाळला, चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. धोतर वर खोचलं.

"आबा, थांबा, रिक्षा आणतो," दादा म्हणाला. गालाला साबण तसाच.

"रिक्षात हिंदकळंल."

आईनं आणि मी पातेलं उचलून दिलं. आबांनी एका हाताचा नुसता आधार दिला आणि जिना उतरू लागले. मागे सोऱ्या घेतलेली सोनाली, तिच्यामागे चाळण डोक्यावर घातलेला बंटी, मग सतरंज्या घेऊन आम्ही बायका. भर उन्हात, पटांगणाच्या मधोमध. गॅलऱ्यांत माणसं आली. सेक्रेटरी गेटपाशीच होते.

"अहो, तुम्ही कशाला? माणूस नाही का मिळाला?"

"मीच त्यो मानूस," आबा म्हणाले. "जल्मभर ह्योच धंदा केला. सरका वाईच."

ते सरकले.

रस्त्यापलीकडे आगऱ्यांचं गाव आहे. दादानं फ्लॅट घेईपर्यंत आम्ही तिथं हिराबाईंच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. माझ्या बी.ए.चे पेढे त्यांनीच गावभर वाटले होते.

"कवा आलीस गो?" पातेलं बघून त्यांनी विचारलं. मी कुलपाचं सांगितलं. "ती बिल्डिंग हाय ना, तिचे खाली आमचा शेत व्हता. आमी कदी कुलूप घातला नाय. घाला आंगनान."

तीन दगडांची चूल पेटली. चीक रटरटला. पहिला घास मुलांचा, दूध-साखर घालून. बंटीनं वाटी चाटून पुसली. मग हात भाजत आम्ही कुरडया घातल्या. हिराबाईंनी आम्हाला सुकटीचं कालवण (वाळवलेल्या मासळीचा रस्सा) आणि तांदळाची भाकरी वाढली. पण आबा जेवले नाहीत. काठी घेऊन कावळे हाकत बसून राहिले, पाठ दादाच्या इमारतीकडे करून. तेवढ्यावरून मला कळलं, त्यांना किती लागलं होतं.

ऊन कलल्यावर दादा आला. आबांसमोर उभा राहिला. आबांनी वर बघितलं नाही. तो खाली बसला आणि त्यांच्या हातातली काठी घ्यायला गेला. आबांनी आधी सोडली नाही. नंतर सोडली.

"डाव्या अंगाचं बघ," म्हणाले. "तिकडनं येत्यात." आणि उठून जेवायला गेले.

निघायच्या दिवशी दादा कुरडयांचा डबा घेऊन गेटपर्यंत आला. सेक्रेटरी भेटले. "सुरेशराव, तुमचे वडील म्हणजे—"

"माथाडी होते," दादा म्हणाला. जमिनीकडे बघत, खालच्या आवाजात. मला ते खणखणीत ऐकायचं होतं. पण म्हणाला.

नांदेडला आल्यावर पहिल्या कुरडया तळल्या. शेजारणीनं विचारलं, कुठून आणल्या? सोनाली म्हणाली, "आमच्या आबांनी डोक्यावरनं नेल्या होत्या." तिला त्यात लपवण्यासारखं काहीच वाटलं नाही. माझ्या भावाला सहाव्या वर्षी हेच येत होतं. सुपरवायझर होता होता तो ते विसरला.

आईचं पत्र आलं. कुलूप अजून आहे. म्हणजे माझा रागही अजून आहे. पुढच्या मे महिन्यात मी जाणार, गहू भिजत घालणार. पण त्याआधी किल्ली मागायची, ती दादानं. मी नुसती शेजारी उभी राहीन.